कोळसा खाण आणि ओढ्याकाठची भिजती शेती: परिणाम कसा तपासायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या पट्ट्यात, वायोमिंग-मोंटानातल्या पावडर नदीच्या खोऱ्यासारख्या ठिकाणी, ओढ्याकाठी लसूणघास आणि गवताची शेती आहे. शेजारी उघडी कोळसा खाण प्रस्तावित आहे. खाणीची हद्द शेतापासून ८०० मीटरवर आहे, ओढ्याला हात लागणार नाही, म्हणून परिणाम नगण्य, असे अहवाल म्हणतो. हे खरे की खोटे, कसे ठरवायचे?

८०० मीटर या आकड्यावरून काहीच ठरत नाही. अशा खोऱ्यातले पीक जगते ते पाणी किती खोलीवर आहे आणि ऐन ऑगस्टमध्ये ते मुळांच्या आवाक्यात राहते का, यावर. त्यामुळे पाणी कुठून येते, कुठे साठते, कोणत्या महिन्यात वापरले जाते, हे मोजल्याशिवाय कोणताही निष्कर्ष अर्धवट आहे, मग तो खाणीच्या बाजूचा असो की विरुद्ध.

कायद्याची चौकट आधी लक्षात घ्या. अमेरिकेच्या १९७७ च्या सरफेस मायनिंग कंट्रोल अँड रिक्लमेशन अॅक्टने अशा जमिनींना 'अल्युव्हियल व्हॅली फ्लोअर' असे नाव दिले आहे. सोयीसाठी आपण मळई म्हणू. १०० अंश पश्चिम रेखांशाच्या पश्चिमेला खाणीला परवाना हवा असेल, तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, ओलिताखालच्या किंवा खालून नैसर्गिकरीत्या ओल मिळणाऱ्या मळईवरची शेती खाणीमुळे खंडित, बंद किंवा अशक्य होणार नाही. दोन, त्या मळईला पाणी पुरवणाऱ्या भूपृष्ठावरच्या वा भूगर्भातल्या व्यवस्थेचे, पाण्याच्या प्रमाणात किंवा गुणवत्तेत, भरीव नुकसान होणार नाही. दुसरी अट खाणीच्या हद्दीपाशी थांबत नाही. अहवालात बहुधा पहिल्या अटीचे उत्तर पानेच्या पाने असते आणि दुसरीला दोन परिच्छेद मिळतात, म्हणून वाचायला सुरुवात दुसरीपासून करावी. शेतीच्या दृष्टीने महत्त्व नसलेली अविकसित चराऊ जमीन पहिल्या अटीतून वगळलेली आहे. जिथे इतके थोडे क्षेत्र बाधित होते की त्या शेताच्या एकूण उत्पादनावर नगण्य परिणाम होईल, अशी जमीनही वगळलेली आहे. ३ ऑगस्ट १९७७ च्या आधीच्या वर्षात मळईत किंवा तिला लागून व्यापारी प्रमाणात कोळसा काढत असलेल्या खाणींनाही सूट आहे.

ही जमीन मळई आहे का, हे आधी ठरते, आणि त्यासाठी दोन्ही खुणा लागतात: ओढ्याने आणून टाकलेला सुटा गाळ, आणि पाट-पुराच्या किंवा खालच्या ओलीच्या शेतीला पुरेल इतके पाणी. उतारावरून घसरून आलेल्या मातीचा पातळ थर दिसायला सपाट असला तरी तो यात धरत नाहीत. ऑगरने, म्हणजे माती काढणाऱ्या गिरमिटाने, खड्डा घेतला की फरक लगेच कळतो. ओढ्याच्या गाळात गोटे गोल घासलेले असतात, वाळू-रेतीचे थर वेगळे ओळखू येतात. उतारावरच्या मातीत दगड टोकदार आणि सगळे आकार एकात एक मिसळलेले. खोऱ्याच्या कडेला हे दोन्ही एकमेकांत घुसलेले असतात, तिथे हद्दरेषा नकाशावरून ओढू नये, दर ३०-४० मीटरवर खड्डा घ्यावा. कडेचा हाच पट्टा खाणीच्या बाजूचा असतो आणि त्यावरच पुढे वाद होतो.

पाटाची शेती सिद्ध करणे सोपे असते: जुने बांध, पाटाचे अवशेष, जुनी हवाई छायाचित्रे, पाणीहक्काच्या नोंदी. आज पाट मोडलेला असला तरी ओढ्याचा प्रवाह, माती, पाण्याची गुणवत्ता आणि त्या भागातली रीत पाहता तिथे पाटाने भिजवता येते का, हेही तपासावे लागते. खरे काम खालून मिळणाऱ्या ओलीचे आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

तिचा पहिला पुरावा रंग. उन्हाळा संपताना वरचे माळ वाळून पिवळे पडलेले असतात आणि मळईचा पट्टा हिरवा राहतो. म्हणून इन्फ्रारेड छायाचित्र जूनमधले नको, उन्हाळाअखेरचे किंवा शरदाच्या सुरुवातीचे हवे. जूनमध्ये सगळेच हिरवे असते आणि त्या चित्रावरून काहीही सिद्ध करता येते.

दुसरा पुरावा मातीतली ओल. २० सेंटिमीटरच्या टप्प्याने पाणपातळीपर्यंत नमुने घ्या. वरून खाली जाताना ओल आधी कमी होते. मग मुळांच्या थरातच ती पुन्हा वाढू लागली, तर पीक खालून पाणी घेते आहे. मुळे संपतात आणि पाण्याची केशाकर्षणाने वर चढलेली ओल सुरू होते, या दोहोंच्या मधे कोरडा थर सापडला, तर पाणी जवळ असूनही पिकाच्या उपयोगाचे नाही. मातीत गंजाचे तांबडे-करडे ठिपके दिसले तर पाणपातळी तिथवर येऊन जाते, पण ते ठिपके जुनेही असू शकतात. एकट्या ठिपक्यांवर भिस्त ठेवू नका.

तिसरा पुरावा सगळ्यात भक्कम आहे: पाणपातळीचा रोजचा श्वास. निरीक्षण विहिरीत तासातासाला नोंद करणारा दाबमापक सोडला, तर लसूणघासाच्या शेताखाली पातळी दिवसा उतरते आणि रात्री सावरते. पीक दिवसा पाणी ओढते, रात्री थांबते. यावरून पिकाने भूजलातून किती पाणी घेतले हे काढण्याची पद्धत डब्ल्यू. एन. व्हाइट यांनी १९३२ मध्ये युटातल्या एस्कलांटी खोऱ्याच्या अभ्यासात मांडली आणि ती आजही वापरतात. मध्यरात्र ते पहाटे ४ या वेळेतला चढाचा वेग तासाला २ मिलिमीटर असेल आणि २४ तासांत पातळी निव्वळ ८ मिलिमीटर उतरली असेल, तर २४ गुणिले २ अधिक ८, म्हणजे ५६ मिलिमीटर. याला मातीच्या विशिष्ट उत्पन्नाने, म्हणजे पातळी उतरताना माती आकारमानाच्या किती हिस्सा पाणी सोडते त्याने, गुणायचे. ते ०.१० असेल तर ५.६ मिलिमीटर पाणी त्या दिवशी खालून गेले.

घोळ होतो तो या ०.१० मध्येच. पाणी काही तासांत वर-खाली होते तेव्हा बारीक मातीला पूर्ण निचरा व्हायला वेळ मिळत नाही, त्यामुळे पुस्तकातल्या तक्त्यातला आकडा लावला की उत्तर फुगते. पोयट्यात खरा आकडा ०.०५ निघाला तर पिकाचा वापर थेट निम्मा. शिवाय हवेच्या दाबाची दुरुस्ती केली नाही, तर वादळी दिवसाची चढउतार पिकाच्या नावावर जमा होते. घास कापल्यानंतरचे आठ दिवस मुद्दाम पाहा. कापणीनंतर हा रोजचा श्वास मंदावला तर तो पिकाचाच होता. याहून सोपी आणि पटणारी खात्री दुसरी नाही.

विहिरी कुठे घ्यायच्या? ओढ्याला आडव्या रेषेत, काठापासून उतारापर्यंत तीन ते पाच, आणि अशा किमान तीन रेषा: खाणीच्या वर, समोर आणि खाली. प्रत्येक रेषेत एका जागी जोडविहीर हवी, एक गाळात आणि एक खालच्या कोळशाच्या थरात. पावडर नदीच्या खोऱ्यात कोळशाचा थर स्वतःच पाणी वाहून नेतो, आणि कोळसा जळून भाजलेला लाल 'क्लिंकर' तर पाऊस-बर्फाचे पाणी चाळणीसारखे आत घेतो. कोळसा गाळाला जिथे खालून टेकतो तिथे दोघांची देवाणघेवाण होते. जोडविहिरीत कोळशातली पातळी गाळापेक्षा वर असेल तर कोळसा मळईला पाणी देतो आहे. खाण ते पाणी उपसणार. पातळी खाली असेल तर मळईच आज कोळशाला पाणी देते, आणि खाण सुरू झाल्यावर ती गळती वाढणार. दोन्हीकडून नुकसान, पण हिशेब वेगळा. विहिरीचा जाळीचा भाग दोन्ही थरांत उघडा राहिला आणि बेंटोनाइटने, म्हणजे फुगणाऱ्या चिकणमातीने, मधला भाग सील केला नाही, तर ती विहीर कोणत्याच थराची पातळी सांगत नाही. जुन्या अहवालांतल्या विहिरींचे बांधकाम-तपशील आधी मागवा. ते नसतील तर त्या नोंदी बाजूला ठेवा.

पायाभूत नोंदी किमान पूर्ण एक वर्षाच्या, पण एका वर्षाने भागत नाही. ओल्या वर्षात मोजलेली पातळी पाया धरली तर पुढच्या कोरड्या वर्षाचा सगळा दोष खाणीवर जातो, आणि उलटही होते. दोन-तीन वर्षे घ्या, आणि खाणीपासून लांब, तशाच दुसऱ्या ओढ्यावर एक तुलनेची रेषा ठेवा. मिथेन काढण्यासाठी आसपास कोळशातून पाणी उपसलेले असेल तर 'खाणपूर्व' पातळी मुळातच उतरलेली असते. पावडर नदीच्या खोऱ्यात हे विसरून चालत नाही.

आता पाण्याचा ताळेबंद. कागदावरचे एक उदाहरण घेऊ. मळई ५० एकर, म्हणजे साधारण २ लाख चौरस मीटर. कापण्या, पाऊस, थंड दिवस सगळे धरून शंभर दिवसांत पीक भूजलातून सरासरी रोज २ मिलिमीटर घेते, म्हणजे रोज ४०० घनमीटर. हे येते कुठून?

गाळातून खोऱ्याच्या दिशेने वाहणारा भूमिगत प्रवाह मोजू. रुंदी ३०० मीटर, पाण्याने भरलेली जाडी ४ मीटर, पाणी वाहून नेण्याची क्षमता दिवसाला २० मीटर, उतार ०.००४. गुणाकार येतो रोज ९६ घनमीटर. खालच्या टोकाला पट्टा निमुळता आहे, तिथून ६० बाहेर जातात. निव्वळ लाभ फक्त ३६. हंगामात पाणपातळी ८० सेंटिमीटर उतरते, विशिष्ट उत्पन्न ०.१२ धरले तर साठ्यातून १९,२०० घनमीटर, म्हणजे रोज १९२. ओढ्यातून झिरपणारे, वरच्या आणि खालच्या टोकाला प्रवाह मोजून काढलेले, रोज ७०. बेरीज २९८. उरलेले १०२ घनमीटर कडेने, कोळसा आणि क्लिंकरमधून येते, असे मानावे लागते.

म्हणजे पिकाच्या पाण्याचा चौथा हिस्सा खाणीच्या बाजूने येतो आहे, आणि ८०० मीटरवरचा खड्डा नेमका तोच तोडू शकतो. अर्थात हे १०२ वजाबाकीतून आलेले आहेत, बाकी सगळ्या मोजण्यांच्या चुका त्यात जमा झालेल्या असतात. म्हणून ते जोडविहिरींतल्या पातळीच्या फरकावरून स्वतंत्रपणे काढून पाहावेत, आणि कोळशातल्या विहिरीतून २४ ते ७२ तास उपसा करून गाळातली विहीर हलते का, हे बघावे. दोन मार्गांनी काढलेले आकडे दुपटीच्या आत आले तरी पुष्कळ झाले. साठ्यातून येणारे १९२ कुठून भरतात, हेही विचारा: वसंतातल्या बर्फवितळीच्या पुराने. त्या मुद्द्याकडे पुढे येतोच.

पातळी किती उतरली की नुकसान? इथे दोन्ही बाजूंचे लोक फसतात. कोळशातली पातळी १५ मीटर उतरली की शेतकरी घाबरतो, आणि गाळातली ३० सेंटिमीटर उतरली की कंपनी हात झटकते. कोळसा बंदिस्त थर आहे, तो थोडेसे पाणी सोडून मोठी घट दाखवतो. गाळ उघडा असल्याने त्याची छोटी घटही पुष्कळ पाण्याची असते: आपल्या ५० एकरांत ३० सेंटिमीटर म्हणजे ०.१० ने धरले तरी ६,००० घनमीटर.

पिकाच्या बाजूने तेच पाहा. ऑगस्टअखेर पाणी २.४ मीटरवर आहे. वालुकामय पोयट्यात केशाकर्षणाची ओल ६० सेंटिमीटर चढते, म्हणजे ओलीचा माथा १.८ मीटरवर. खड्डा खणून पाहिले तर मुळे २ मीटरवर रेतीच्या थराशी थांबलेली. शिल्लक फरक २० सेंटिमीटरचा. पातळी ३० सेंटिमीटर उतरली की ओलीचा माथा २.१ मीटरवर गेला आणि मुळांचा संबंध तुटला. लसूणघासाची मुळे खूप खोल जातात हे खरे, हळूहळू उतरणाऱ्या पाण्याच्या मागे ती जाऊही शकतात, पण रेतीचा कोरडा थर आडवा आला की थांबतात, आणि नव्याने पेरलेल्या घासाला तर ती मुभाच नसते. म्हणून 'परवानगीयोग्य घट' हा आकडा प्रत्येक शेतात मुळांचा खड्डा घेऊनच ठरवायचा. सबंध खोऱ्याला एक आकडा लावणारा अहवाल परत पाठवावा.

आता वसंतातल्या पुराकडे. खाणीला गाळ अडवण्यासाठी तळी बांधावी लागतात, आणि ती मोठ्या वादळाचे पाणी रोखून सावकाश सोडतात. ओढ्यासाठी ते चांगले, पण पाट-बांधाने पूर पसरवून भिजवणाऱ्या शेतीला पाणी हवे असते ते त्या दोन-तीन दिवसांच्या लोंढ्यातच. तेवढेच पाणी महिनाभर धारेने आले तर ते बांधावर चढत नाही, शेत भिजत नाही आणि साठाही भरत नाही. वार्षिक प्रवाहात घट फक्त ४ टक्के, असे वाक्य अहवालात दिसले की पुढचा प्रश्न विचारा: वसंतातल्या सर्वोच्च प्रवाहात किती?

खाणीने वळवलेला किंवा नव्याने बांधलेला ओढा हे दुसरे दुखणे, आणि माझ्या मते ते सगळ्यात कमी तपासले जाते. नव्या पात्राचा उतार जुन्यापेक्षा थोडा जास्त झाला, वळणे कमी झाली, की तळ खणत खणत धूप वरच्या बाजूला सरकते. तळ एक मीटर खाली गेला की दोन्ही काठांची पाणपातळी त्याच्या मागोमाग जाते, आणि मळईचा निचरा होऊन ती माळ बनते. यासाठी खाण भरून काढून उपयोग नाही. त्यामुळे ओढ्याचा लांबीचा छेद खाणीच्या वर-खाली काही किलोमीटर आधीच मोजून ठेवा.

जमिनीखालून लाँगवॉल पद्धतीने, म्हणजे लांबच लांब पट्टा सलग कापून वरचे छत खचू देत, कोळसा काढणार असतील तर खचण्याने पाटाचा उतारच बदलतो. कुठे पाणी साचते, कुठे चढत नाही. पाटाच्या कडेने खुणेचे खांब रोवून उंची मोजून ठेवली की पुरे.

राहिली गुणवत्ता. खड्डा भरायला वापरलेल्या फोडलेल्या दगड-मातीत पायराइटचे (लोह-गंधकाच्या खनिजाचे) ऑक्सिडीकरण होते, कार्बोनेट ते आम्ल झेलतात, आणि पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे सल्फेट उतरतात. पाणी आम्लधर्मी होत नाही, म्हणून सामू बघून समाधान मानणारे फसतात. वाढतो तो क्षार. भराव पुन्हा पाण्याने भरायला अनेक दशके लागू शकतात, म्हणजे हा परिणाम खाण बंद झाल्यानंतर उगवतो.

नियमांत यासाठी निकष आहे: मळईला मिळणाऱ्या पाण्यातली विद्राव्य क्षारांची वाढ, मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये दिलेल्या पीकनिहाय क्षार-सहनशीलतेच्या उंबरठ्याशी ताडून पाहायची. लसूणघासाचा उंबरठा मातीच्या संपृक्त अर्काच्या (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याच्या) ईसीने, म्हणजे क्षारांबरोबर वाढणाऱ्या विद्युतवाहकतेने, २.० डेसिसिमेन प्रतिमीटर, आणि त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पादनात ७.३ टक्के घट. बार्लीचा उंबरठा ८.० आहे, म्हणून 'बार्लीला चालेल' हे घासाच्या शेताचे उत्तर होत नाही.

हिशेब करून पाहा. मळईचे पाणी रोज ४०० घनमीटर, टीडीएस (एकूण विद्राव्य क्षार) १,५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर. भरावातून रोज ६० घनमीटर, टीडीएस ४,५००. मिश्रण येते सुमारे १,८९० वर. टीडीएसवरून ईसी काढताना लोक सरसकट ६४० ने भागतात. सल्फेटच्या पाण्याला तो गुणक कमी पडतो, आपल्याच नमुन्यांवर तो काढावा. इथे ८०० धरू. पाण्याची ईसी १.८८ वरून २.३६ होते. पुरेसा निचरा असलेल्या जमिनीत मातीची ईसी पाण्याच्या दीडपट धरतात: २.८ वरून ३.५. घट ६ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर. म्हणजे खाणीमुळे ५ टक्के. पण खालून ओल घेणाऱ्या शेतात पाणी वर चढते, क्षार वरच राहतात, धुऊन जाण्यासाठी वसंतातला पूर लागतो. तो पूर तळ्यात अडला असेल तर दीडपटीचा गुणक फार सौम्य ठरतो. उलट, माती जिप्समयुक्त असेल तर पीक साधारण २ एकके जास्त ईसी सहन करते. हे दोन्ही तपासल्याशिवाय टक्का छापू नये. सोडियम जास्त असेल तर एसएआर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचे प्रमाण, वेगळा मोजा. ईसी जास्त असताना माती ठीक दिसते, आणि पावसाने क्षार धुतले की चिकणमाती विस्कटून जमीन चोपण होते.

शेवटी 'नगण्य' हा शब्द. तो क्षेत्रफळाच्या टक्क्यांत मोजलेला असेल तर मोजणीच चुकली. ६,००० एकरांच्या रँचमध्ये आपले ५० एकर १ टक्काही भरत नाहीत. पण एकरी २ टन धरले तर तिथे १०० टन सुका चारा होतो. एका गायीला हिवाळ्यात रोज १२ किलो, १५० दिवस, म्हणजे १.८ टन. तेवढ्यात ५५ गायी हिवाळा काढतात. कळप १५० चा असेल तर एक तृतीयांशाहून जास्त कळप या १ टक्क्यावर उभा आहे, कारण उरलेली चराई बर्फाखाली असते. हिशेब चाऱ्यात आणि जनावरांच्या संख्येत मागा.

परवाना मिळालाच, तर मळईवरची देखरेख, जमीन पूर्ववत करण्यासाठी कंपनीने ठेवलेली हमीची रक्कम पूर्ण मोकळी होईपर्यंत चालू ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. तिच्या अटी लिहून घेताना पातळीची वार्षिक सरासरी घालू देऊ नका. सरासरीत ऑगस्ट बुडून जातो. प्रत्येक रेषेतल्या ठरावीक विहिरीत १५ जुलै ते १५ सप्टेंबरमधली सगळ्यात खोल पातळी, तुलनेच्या ओढ्यावरच्या त्याच काळातल्या पातळीच्या फरकासह, हा इशाऱ्याचा आकडा ठेवा. तो मुळांच्या खड्ड्यातून निघालेल्या मर्यादेच्या निम्म्यावर आला की उपसा किंवा तळ्याचे सोडणे बदलायचे, हेही तिथेच लिहून घ्या.